‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय?

बँकेत पासबुक भरायला जा, पोस्टात जा, नाहीतर वॉर्ड ऑफिसात एखादा दाखला काढायला जा. बोरिवली असो की मुलुंड, अंधेरी असो की घाटकोपर, उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ पूर्वी ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य जे काम करायचं, तेच आता हे वाक्य करतं. फरक एवढाच, की साहेब कुठे गेलेत हे निदान शिपायाला ठाऊक असायचं. सर्व्हर कुठे गेला, का गेला, हे खिडकीच्या अलीकडच्या माणसाला कळत नाही आणि पलीकडच्यालाही कळत नाही.

सर्व्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. कुठल्यातरी थंडगार खोलीत एक मोठं यंत्र आहे आणि ते बंद पडलं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे चित्र बरोबर होतं. आता बऱ्याच ठिकाणी ‘सर्व्हर’ हे स्वतंत्र यंत्र उरलेलंच नाही. तो असतो दुसऱ्या एका दणकट यंत्राच्या पोटात चालणारा संगणक. त्याला स्वतःचा डबा नाही, स्वतःची वायर नाही. त्याची हार्ड डिस्क म्हणजे सुद्धा एक भलीमोठी फाइल. या प्रकाराला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. मराठीत ‘आभासी यंत्र’ असा शब्द रूढ होऊ पाहतो आहे. मला तो फारसा पटत नाही, कारण या यंत्रातून निघणारा पगार आणि कापला जाणारा हप्ता यांत आभासी काहीच नसतं.

उपनगरांतल्या लोकांना ही कल्पना समजायला जड जाऊ नये. मुलुंडला, पार्ल्याला पूर्वी बैठे बंगले होते. प्रत्येकाची टाकी वेगळी, पंप वेगळा, अंगण वेगळं. मग पुनर्विकास आला. जमीन तेवढीच, पण तिच्यावर टॉवर उभा राहिला. आता बिऱ्हाडं शंभर, पण टाकी सामाईक, लिफ्ट सामाईक, मीटरची खोली सामाईक. दार लावून घेतलं की प्रत्येकाला वाटतं, घर आपलं स्वतंत्र आहे. आणि ते असतंही, टाकी फुटेपर्यंत.

संगणकाच्या खोलीत अगदी हेच घडलं. २००० सालच्या आसपास कचेऱ्यांमध्ये एका कामाला एक सर्व्हर अशी रीत होती. ईमेलचा वेगळा, पगाराचा वेगळा, हजेरीचा वेगळा. एकाच यंत्रावर दोन कामं घातली, तर ती एकमेकांच्या पायात पाय घालत. त्यामुळे यंत्रांच्या रांगा लागल्या आणि त्यांतली बरीचशी दिवसभर नुसती गुणगुणत बसलेली असत. वीज खात होती, वातानुकूलन खात होती, आणि उपनगरातल्या भाड्याच्या दराने जागाही खात होती. मग एका मोठ्या यंत्रात दहा-वीस संगणक बिऱ्हाडासारखे राहायला घालावेत, ही युक्ती पुढे आली.

युक्ती नवी मात्र नव्हती. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच आपल्या महागड्या मोठ्या संगणकांवर हा प्रयोग केला होता आणि १९७२ साली ‘व्हीएम-३७०’ या नावाने ती प्रणाली ग्राहकांना दिली. अडचण होती ती आपल्या टेबलावरच्या संगणकांत जी चिप असते, त्या घराण्याच्या चिपची. तिच्या काही आज्ञा अशा होत्या, की पाहुण्या संगणकाने त्या दिल्या तर यजमानाला पत्ताच लागत नसे. १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने या आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची वाट काढली. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी चिपमध्येच तशी सोय केली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच ‘केव्हीएम’ नावाचा भाग दाखल झाला, आणि २००८ च्या विंडोज सर्व्हरबरोबर मायक्रोसॉफ्टचा ‘हायपर-व्ही’ आला. जी गोष्ट वेगळी विकत घ्यावी लागत होती, ती ऑपरेटिंग सिस्टीमचाच एक भाग होऊन बसली.

बिऱ्हाडांना पाणी, वीज, लिफ्ट वाटून देणारा जो कारभारी, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. सोसायटीचा सेक्रेटरी समजा. गेल्या वीस वर्षांत ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत ज्या ‘सुधारणा’ जाहीर होत आल्या, त्यांतल्या बऱ्याच या सेक्रेटरीच्या कारभाराच्या आहेत.

मेमरीचंच पाहा. समजा यंत्रात १२८ जीबी मेमरी आहे. आत २० पाहुणे आहेत आणि प्रत्येकाला ८ जीबी कबूल केली आहे. बेरीज होते १६०. म्हणजे पार्किंगच्या जागा १२८ आणि स्टिकर वाटले १६०. हे चालतं, कारण सगळ्यांच्या गाड्या एका वेळी घरी नसतात. पण सेक्रेटरीला कळावं कसं, की कुणाची जागा आत्ता रिकामी आहे? पाहुण्याच्या घरात डोकावण्याची सोय नाही. त्यावर फार गमतीदार तोड निघाली. प्रत्येक पाहुण्याच्या आत एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. त्याचं काम एकच, आपल्याच मालकाकडे मेमरी मागायची आणि फुग्यासारखं फुगून बसायचं. मालक आपल्याजवळची नको असलेली मेमरी त्याला देतो, आणि ती तो गुपचूप खाली सेक्रेटरीकडे पोहोचवतो. या प्रोग्रॅमचं नावही फुगा, म्हणजे ‘बलून’ असंच आहे. याशिवाय दहा पाहुण्यांकडे एकच मजकूर शब्दशः सारखा असेल, तर तो एकदाच साठवून सगळ्यांना दाखवायचा, हीही सुधारणा आली.

महिनाअखेरीला मात्र सगळ्यांच्या गाड्या एकदम घरी येतात. व्याज, पगार, हप्ते, सगळं एका रात्रीत. मग मेमरी कमी पडते, तिथला मजकूर डिस्कवर लिहावा लागतो, आणि डिस्क मेमरीच्या मानाने कितीतरी मंद. आपण खिडकीशी ऐकतो ते ‘डाऊन’ पुष्कळदा डाऊन नसतंच. सर्व्हर चालू असतो, पण पाण्याच्या रांगेत उभा असतो.

घड्याळाची कथा याहून रंजक आहे. जुन्या पद्धतीचा संगणक वेळ कसा मोजतो? ठरावीक अंतराने एक टिचकी वाजते, तो टिचक्या मोजत राहतो. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत सेकंदाला १००० टिचक्या असत. यंत्र एकट्याचं असेल तर यात काही अडचण नाही. पण एका यंत्रात २० पाहुणे असले की सेकंदाला २०,००० टिचक्या झाल्या. शिवाय पाहुण्याची पाळी नसताना तो झोपलेला असतो. त्या वेळच्या टिचक्या त्याने मोजायच्या कशा? काही हुकत, आणि पाहुण्याचं घड्याळ मागे पडत जाई.

घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं तर काय मोठं बिघडलं, असं आपल्याला वाटेल. आपल्या लोकलही पडतात. पण कचेऱ्यांत सकाळी कर्मचारी पासवर्ड घालून आत शिरतो, तेव्हा ओळख पटवणाऱ्या प्रणालीत एक नियम असतो : दोन संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर ओळख नाकारायची. चोराने जुनी ओळखपत्रं पुन्हा वापरू नयेत म्हणून हा नियम. परिणाम असा, की पासवर्ड बरोबर, माणूस खरा, आणि तरी दार बंद. म्हणून रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या पाचव्या मालिकेत टिचक्यांची संख्या दहाव्या हिश्शावर आणण्याची सोय दिली गेली. आणि पुढे तर पाहुण्याने टिचक्या मोजण्याच्या भानगडीत न पडता वेळ थेट यजमानाला विचारावी, अशी व्यवस्था झाली. ज्याने कुणी ही सुधारणा कागदावर वाचली असेल, त्याला ती एक कोरडी ओळ वाटली असेल. तिच्यामुळे किती कचेऱ्यांच्या सकाळी वाचल्या, ते त्या ओळीत लिहिलेलं नसतं.

हा कागद म्हणजे काय, तेही सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती निघाली की तिच्याबरोबर एक पुस्तिका येते. इंग्रजीत ‘रिलीज नोट्स’, मराठीत प्रकाशन टिपा. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट, की रेड हॅटच्या लिनक्सच्या काही आवृत्त्यांच्या टिपा चक्क मराठीतही निघाल्या. या कंपनीचं पुण्यात मोठं केंद्र आहे. त्या टिपांचं मराठी थोडं अडखळत चालणारं होतं हे खरं, पण ‘आभासी यंत्र सुरू होत नाही’ असं काही आपल्या भाषेत छापलेलं पाहायला मिळणं, हेही थोडं नव्हे.

या टिपांत साधारण तीन गोष्टी असतात. नवीन काय केलं, जुनं काय दुरुस्त केलं, आणि काय बिघडलेलं आहे हे ठाऊक असूनही अजून दुरुस्त झालेलं नाही. तिसऱ्या भागाला ‘नोन इश्यूज’, म्हणजे ज्ञात अडचणी म्हणतात. विक्रीला आलेला माणूस पहिला भाग वाचून दाखवतो. यंत्रं सांभाळणाऱ्याने तिसऱ्या भागापासून वाचायला सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना आठवा. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक, गाड्या जलद मार्गावरून वळवणार, विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे थांबणार नाहीत. नाहूरला राहणारा माणूस ही सूचना वाचून चरफडतो, पण वाचतो. आणि भांडुपला उतरून रिक्षा करतो. ज्ञात अडचणींची यादी म्हणजे अशीच सूचना. ‘अमुक चिप असलेल्या यंत्रावर तमुक पाहुणा सुरू होणार नाही, तूर्त हा पर्याय वापरा.’ ती न वाचता शनिवारी रात्री नवी आवृत्ती चढवली, तर सोमवारी सकाळी खिडकीशी रांग लागते.

मेगाब्लॉकचंच उदाहरण पुढे चालवू. पूर्वी यंत्राची दुरुस्ती म्हणजे काम बंद. व्हर्च्युअलायझेशनने दिलेली सर्वांत मोठी सोय ही, की पाहुण्याला न उठवता, चालत्या कामासकट, दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. गाडी धावत असताना तिचा रूळ बदलावा तसं. याची रीत अशी : पहिल्या यंत्रावर काम चालूच ठेवायचं आणि त्याची मेमरी दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायची. उतरवेपर्यंत काही पानं बदललेली असतात. ती पुन्हा उतरवायची. पुन्हा काही बदलतात, पण आता थोडी. असं करत करत शेवटी मूठभर पानं उरली, की सेकंदाच्या एका अंशापुरतं काम थांबवायचं, ती पानं न्यायची, आणि दुसरीकडे सुरू करायचं. बँकेच्या ग्राहकाला काही कळतसुद्धा नाही. मग रिकाम्या झालेल्या यंत्राची खुशाल दुरुस्ती करा.

यातही ज्ञात अडचणी आहेतच. पाहुणा इतक्या झपाट्याने पानं बदलत असेल, की उतरवून घेणारा मागेच राहतो, तर हे स्थलांतर कधी संपतच नाही. त्यावर नंतरच्या आवृत्त्यांत तोड निघाली, पाहुण्यालाच थोडा वेळ मुद्दाम मंद करायचं. दुसरी अडचण चिपच्या पिढीची. नव्या चिपवर सुरू झालेला पाहुणा जुन्या चिपवर नेला, तर त्याला माहीत असलेल्या काही आज्ञा तिथे नसतात, आणि तो कोसळतो. म्हणून सगळ्यांना मुळातच जुन्या चिपइतक्याच आज्ञा दाखवायच्या, असा तोडगा काढला गेला. नव्या यंत्राचे पैसे मोजून त्याची काही अक्कल झाकून ठेवायची. पण त्याला इलाज नाही.

दुसरी मोठी सोय स्नॅपशॉटची. पाहुणा म्हणजे शेवटी फाइलच, तेव्हा दुरुस्तीपूर्वी तिची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवता येते. दुरुस्ती फसली, तर एका आज्ञेसरशी मागच्या क्षणाला परत. हे इतकं सोपं वाटलं, की लोक जरा निर्धास्त झाले. गोठवलेली प्रत पुसायला विसरले, ती फुगत गेली, सामाईक डिस्क भरली आणि टॉवरमधली सगळी बिऱ्हाडं एकदम थांबली, हे तर नित्याचं. पण एक प्रकार याहून खोल होता. मोठ्या कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांची नावं, पासवर्ड, अधिकार यांची वही दोन-तीन सर्व्हरवर ठेवलेली असते. ते एकमेकांना ‘माझी नोंद क्रमांक ५०० पर्यंत झाली’ असं कळवत असतात. आता त्यांतल्या एकाला स्नॅपशॉटने मागच्या सोमवारवर नेलं. त्याच्या लेखी नोंद ४०० च आहे. तो तिथून पुढे ४०१, ४०२ अशा नव्या नोंदी करू लागतो. बाकीच्यांना वाटतं, या तर आपल्याकडे आहेतच, आणि ते त्या घेतच नाहीत. कुठेही लाल दिवा लागत नाही. एका शाखेत नवा कर्मचारी आहे, दुसरीत नाही. एकीकडे पासवर्ड बदलला, दुसरीकडे जुनाच. यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये उपाय आणला. यजमान प्रत्येक पाहुण्याला एक ओळखक्रमांक देतो आणि पाहुण्याला मागे नेलं की तो क्रमांक बदलतो. पाहुणा जागा होतो, क्रमांक वेगळा दिसतो, आणि त्याला कळतं की आपल्याला भूतकाळात आणून सोडलं आहे. आधी शेजाऱ्यांना विचारून वही पुरी करायला हवी.

आता दुरुस्तीविषयी. बगवर लावतात तो पॅच, म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. ठिगळ लावावं हे कोण नाकारील? पण ठिगळाने नवीन भोक पडल्याची उदाहरणंही कमी नाहीत. व्हीएमवेअरने जुलै २००८ च्या अखेरीस आपल्या हायपरव्हायजरची एक सुधारित आवृत्ती काढली. चाचणीच्या काळात तिला मुदत घातलेली होती, आणि ती काढून टाकायची राहून गेली. १२ ऑगस्ट २००८ रोजी मुदत संपली. चालू असलेले पाहुणे चालत राहिले, पण जो बंद होता तो सुरू होईना. परवाना संपल्याचा निरोप यायचा, आणि परवाना तर रीतसर पैसे भरून घेतलेला. ज्यांनी तत्परतेने नवी आवृत्ती चढवली होती, तेच अडकले. आळशी लोक वाचले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. तोवर यंत्राचं घड्याळ मागे फिरवणं हाच तात्पुरता उपाय होता. जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मासिक पॅचमुळे असंच झालं. काही विंडोज सर्व्हर पुन्हा पुन्हा आपणहून बंद-चालू होऊ लागले, तर काही जुन्या आवृत्त्यांवर आभासी यंत्रं सुरूच होईनात. पॅच ११ जानेवारीचा होता, त्यावरचा पॅच १७ तारखेला आला.

म्हणून थांबावं, तर त्याचीही किंमत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या यंत्रांवर जगभर खंडणीखोरांचा हल्ला झाला. प्रथम फ्रान्समधून इशारा आला, आणि पाहता पाहता हजारो सर्व्हर कुलूपबंद झाले. एकेका यजमानाला कुलूप म्हणजे त्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना कुलूप. ज्या भोकातून हे लोक शिरले असं सांगितलं गेलं, त्याचं ठिगळ फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झालेलं होतं. दोन वर्षं ते कुणी लावलं नव्हतं.

आणि काही भोकं तर कुणाला दिसलेलीच नसतात. २०१५ च्या मे महिन्यात ‘व्हेनम’ नावाचा दोष उघडकीस आला. केव्हीएम आणि झेन या दोन्ही हायपरव्हायजरांत पाहुण्याला एक खोटा फ्लॉपी ड्राइव्ह दिलेला असे. फ्लॉपी कोण वापरतं? कुणीच नाही. पण २००४ पासून त्या प्रोग्रॅममध्ये एक चूक पडून होती, आणि तिच्या आधारे एका बिऱ्हाडातला भाडेकरू भिंत फोडून सेक्रेटरीच्या खोलीत शिरू शकला असता. भरीला भर, काही ठिकाणी व्यवस्थापकाने फ्लॉपी बंद केली तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तो प्रोग्रॅम जागाच राही. हा दोष शोधून काढणारा संशोधक क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीत होता.

हेच नाव ९ वर्षांनी आपल्या अंधेरीपर्यंत आलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइकने आपल्या विंडोजवरच्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. त्या फाइलमधला मजकूर २१ रकान्यांच्या हिशोबाने लिहिलेला होता आणि वाचणारा प्रोग्रॅम २० रकाने घेऊन बसला होता. एकविसावा रकाना शोधायला तो मेमरीत भलत्याच जागी गेला. साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा बंद पडला असता. पण हा राहत होता ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणून त्याच्याबरोबर अख्खं यंत्र कोसळलं आणि निळा पडदा दिसू लागला. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रं पडली होती. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्काही नव्हेत, पण ती नेमकी विमानतळ, रुग्णालयं, बँका इथली होती.

सहारच्या विमानतळावर त्या दिवशी रांगा लागल्या. काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली, देशभर ठिकठिकाणी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. इंडिगोने सुमारे २०० उड्डाणं रद्द केली. शेअर बाजार मात्र सुरळीत चालले, आणि रिझर्व्ह बँकेने सांगितलं की बँका आणि वित्तसंस्था मिळून दहांनाच किरकोळ त्रास झाला.

या प्रसंगात एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फाइल मागे घेऊनही पडलेली यंत्रं उठेनात, कारण उठता उठताच ती पुन्हा पडत. काउंटरवरच्या संगणकाशी माणसाने स्वतः जाऊन, तो विशेष पद्धतीने सुरू करून, ती एक फाइल पुसायची होती. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची लांबलचक किल्ली आधी शोधायची. आभासी यंत्रांच्या बाबतीत मात्र वेगळी वाट होती. पाहुणा पडलेला आहे ना, मग त्याची डिस्क, म्हणजे ती मोठी फाइल, सोडवायची, शेजारच्या धडधाकट पाहुण्याला दुसरी डिस्क म्हणून जोडायची, चुकीची फाइल पुसायची आणि डिस्क मूळ जागी परत लावायची. जाग्यावरून न उठता, एकामागून एक. टॉवरमध्ये राहण्याचा तोटा आपण पाहिला. हा त्याचा फायदा.

मग ठिगळ लगेच लावावं की थांबावं? मला विचाराल तर सगळीकडे एकदम लावू नये आणि कुठेच न लावता बसूही नये. आधी बिनमहत्त्वाच्या दोन पाहुण्यांवर लावावं, काही दिवस पाहावं, मग पुढे जावं. बाहेरून उघड्या असलेल्या दाराचं ठिगळ असेल तर हे ‘काही दिवस’ एक-दोन दिवसांवर आणावेत. क्राउडस्ट्राइकची ती फाइल अशी टप्प्याटप्प्याने गेली असती, तर एवढं अरिष्ट ओढवलं नसतं. पुढे कंपनीने तीच पद्धत स्वीकारली.

यात तुम्हा-आम्हाला काय करता येईल? उपनगरांतली कितीतरी कुटुंबं सहकारी बँकांचे आणि पतपेढ्यांचे सभासद आहेत. या बँका बहुधा आपली संगणकव्यवस्था दुसऱ्या कंपनीकडे सोपवतात, म्हणजे एकाच टॉवरमध्ये अनेक बँका. ३१ जुलै २०२४ ला सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. टीसीएस आणि स्टेट बँक यांची ही संयुक्त कंपनी. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिचा संपर्क तोडला, आणि बातम्यांनुसार जवळपास ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. संपर्क दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला पूर्ववत झाला.

तेव्हा वार्षिक सभेत लाभांशाचा टक्का विचारून झाला की आणखी तीन प्रश्न विचारावेत. आपलं काम ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं, तिला कंपनीचा आधार चालू आहे का? हे विचारण्याचं कारण, रेड हॅट लिनक्स ७ आणि त्याचं फुकट भावंड सेंटओएस ७ यांची नेहमीची मुदत ३० जून २०२४ लाच संपली, आणि विंडोज सर्व्हर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ ला. दुसरा प्रश्न, सुरक्षेचा पॅच आल्यापासून तो लागेपर्यंत आपल्याकडे किती दिवस जातात? आणि तिसरा, बॅकअप घेता हे ठीक, पण तो परत चढवून शेवटचं कधी पाहिलं होतं, आणि त्याला किती तास लागले? मंचावरच्या मंडळींना उत्तर लगेच देता येईलच असं नाही. म्हणून प्रश्न लेखी दिलेले बरे. मग इतिवृत्तात त्यांची नोंद करून घेता येते आणि पुढच्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारता येतात.